तलाठी दौऱ्यावर आहेत

आमच्या बुलढाण्यात दोरीला बांधून कोणी काय न्यावं, याचे संकेत ठरलेले आहेत. शेळी नेणारा माणूस कष्टाळू. बैल नेणारा शेतकरी, आणि पोळ्याच्या दिवशी नेत असेल तर मानकरी. कुत्रा नेणारा साहेब. कुत्र्याचे केस लांब आणि नाव इंग्रजी असेल तर मोठा साहेब. म्हशीमागून कोणी चालला असेल तर लोक तिच्या दुधात किती पाणी पडतं एवढ्यावरच बोलतात, माणसाच्या डोक्यावर बोलत नाहीत. मांजराला या व्यवस्थेत जागाच नाही. त्यामुळे सर्क्युलर रोडने कोणी मांजराला दोरी बांधून निघाला, तर लोक आधी मांजर बघतात, मग दोरी बघतात, मग माणूस बघतात आणि शेवटी याच्या घरी शहाणं कोणी आहे की नाही, याची हळूच चौकशी करतात.

तो माणूस मी. घरी शहाणं माणूस आहे. दोरी धरायला तिनेच नकार दिला म्हणून तर ती माझ्या हातात आली.

आमच्या बोक्याचं नाव तलाठी. ही नेमणूक सौभाग्यवतींची. तिच्या माहेरच्या शेताचा फेरफार रखडला होता, त्या वर्षी हे पिल्लू आमच्या घरात आलं. शोधायला जावं तेव्हा जागेवर नाही. आपण कंटाळून घरी परतलो की मागून हजर. आपल्याकडे त्याचं काम असेल तोवर पायांत घोटाळायचं, काम झालं की ओळख नाही. शिवाय कोणाच्याही हद्दीत बेधडक शिरून कुंपण कुठे आहे, कोणी कोणाकडे किती सरकवलं आहे, याची पाहणी करून यायचं. नाव आपोआप पडलं. पुढे सरकारने तलाठ्यांचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी असं केलं. शासनाचा मान राखून आम्हीही तशी हाक मारून पाहिली. पण एवढं नाव पूर्ण होईपर्यंत तो दुसऱ्या गल्लीत पोचतो.

दोरीची कल्पना लेकीची. ती पुण्याला असते. पुणे महापालिकेने २०२२ साली मांजर पाळणाऱ्यांनीही नोंदणी करावी असं ठरवलं, तेव्हापासून ती मांजर या विषयाकडे नागरिकशास्त्राच्या नजरेने बघते. तलाठी रात्री-बेरात्री कान फाडून घरी येतो हे ऐकून ती म्हणाली, "बाबा, त्याला असं मोकाट सोडायचं नसतं. इथे लोक हार्नेस लावून फिरवतात. आणि तुम्हालाही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना?"

म्हणजे बापाची साखर आणि बोक्याची वर्तणूक अशा दोन दुखण्यांना तिने एकच दोरी लावली.

मी म्हटलं, "अगं, पुण्यात मांजराला नोंदणी आहे. इथे सरकारी पशुगणनेतही मांजर नाही." हे खरं आहे. दर पाच वर्षांनी होणाऱ्या पशुगणनेत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, घोडा, गाढव, उंट, कुत्रा, ससा, हत्ती, इतकंच काय हिमालयातला याकही मोजतात. बुलढाण्यात हत्ती किंवा याक कोणाच्या गोठ्यात असेल असं वाटत नाही, पण असलाच तर त्याची सोय आहे. प्रत्येक घराच्या माळ्यावर वीत असणाऱ्या मांजराची नाही. आमच्या दाराशी आलेल्या गणकाला मी तलाठी दाखवला, तर तो म्हणाला, "सर, हे आमच्याकडे येत नाही."

"आमच्याकडे तरी कुठे येतं?" घरातून आवाज आला.

शेवटी पार्सल आलं. खोक्यावर एक परदेशी मांजर हिरवळीवरून शेपूट उभारून चाललं होतं आणि त्याच्या मालकाच्या चेहऱ्यावर निवृत्तिवेतन वेळेवर मिळाल्याचं समाधान होतं. लेकीने व्हिडिओ कॉलवर शिकवणी घेतली. मांजराला नुसता गळपट्टा चालत नाही, कारण त्याचं गळ्याजवळचं हाड आपल्यासारखं दुसऱ्या हाडांना जोडलेलं नसतं. ते स्नायूंमध्ये अधांतरी असतं. जिथून डोकं पार होतं तिथून अख्खं मांजर पार होतं. म्हणून छाती आणि पोट दोन्हींना आवळणारा साज पाहिजे. शेजारचे वयोवृद्ध दादाजी तो साज उलटसुलट करून म्हणाले, "हे तं म्होरकीच हाये. पण तोंडाची पोटाले काऊन लावली?"

साज चढवला आणि तलाठी कोसळला. जखम नाही, ताप नाही, कुरकुर नाही. ओल्या पोत्यासारखा कुशीवर आडवा. उभा केला की दुसऱ्या कुशीवर. मी घाबरून ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. ते म्हणाले, "काही होत नाही. अंगाला काही आवळलं की मांजरं तशी पडतात."

सौभाग्यवती म्हणाली, "अहो, लग्नात तुम्हाला फेटा बांधला तेव्हा तुमचं असंच झालं होतं. मामांनी उभं धरलं होतं."

मग तिने फ्रिजमधून साईची वाटी काढली आणि चमचा वाजवला. पक्षाघात जागच्या जागी बरा झाला.

आता मांजराला फिरायला नेणं याविषयी थोडी माहिती देतो, कारण खोक्यावर ती नव्हती. यात फिरणं फार थोडं असतं, बाकी सगळं उभं राहणं असतं. तलाठी फाटकात येऊन बसतो. उजवीकडे पाहतो. डावीकडे पाहतो. आलेल्या-गेलेल्यांची नोंद घेतो. मग एक पाऊल टाकतो आणि त्या पावलाचा पंचनामा करतो. भिंतीचा एक कोपरा हुंगायला त्याला जितका वेळ लागतो तितक्या वेळात कुत्रेवाले साहेब चिंचोले चौकाला वळसा घालून परत येतात. मोबाइलमध्ये पावलं मोजायची सोय लेकीने करून दिली आहे. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा राहिला बाजूला, हल्ली ते यंत्र मला 'आता थोडं हलू या का' असं विचारतं. मी ते बोक्याला दाखवतो.

पण खरी अडचण बोक्याची नव्हती, गावाची होती. आमच्या गावात रस्त्यावर दिसलेल्या माणसाला 'कुठी चालले?' असं विचारणं हे नमस्काराच्या आधी येतं. त्याला उत्तर लागतं. दळण आणायला, दुधाला, पेन्शनचं बघायला, कोणाच्या तरी दहाव्याला. 'सहज' हे उत्तर आमच्याकडे धरत नाहीत. सहज निघालेला माणूस काहीतरी लपवतो असं समजतात. आणि माझ्याजवळ तर 'सहज' हेही उत्तर नव्हतं, कारण कुठे जायचं हे मला ठाऊकच नसायचं.

"कुठी चालले सर?"

"हा नेईल तिकडे."

"तुमी त्याले नेऊन राह्यले का तो तुमाले?"

"ठरायचं आहे."

"मंग दोरी कायले?"

भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. पृथ्वी गोल कशावरून, याची मी सात कारणं सांगू शकतो. 'मंग दोरी कायले' याचं एकही सांगता आलं नाही.

त्यात ते नाव. एकदा तलाठी उभ्या जीपच्या टपावर चढला आणि दोरी आरशात अडकली. मी खालून ओरडलो, "तलाठी, खाली या! लोक जमलेत!" समोरच्या टपरीवर खेड्यातून आलेला एक जण चहा पीत होता. तो कपबशी ठेवून हातातली पिशवी सावरत धावत आला.

"कोन्त्या साझ्याचे तलाठी हायेत?"

"अहो, हा आमचा बोका आहे."

त्याने वर पाहिलं. तलाठ्याने डोळे मिटून घेतले होते. तो माणूस मान हलवत परत फिरला आणि टपरीवाल्याला म्हणाला, "सापडले होते, पण मिटिंगमधी हायेत."

याहून मोठी भानगड शकुनाची. मोकळं मांजर आडवं जातं ते एका क्षणाचं काम असतं. माणूस थांबतो, पुटपुटतो, दोन पावलं मागे येतो, दुसऱ्या कोणाला तरी आधी पुढे जाऊ देतो आणि कामाला लागतो. दोरीतलं मांजर आडवं जात नाही. ते आडवं जायला निघतं आणि रस्त्याच्या मधोमध बसतं. आता ही घटना घडली की नाही? अर्धं मांजर गेलं तर अर्धं काम बिघडतं का? मांजर अलीकडे आणि मालक पलीकडे, मधे दोरी आडवी, तर अपशकुन कोणाच्या नावावर? असे प्रश्न बुलढाण्यात पूर्वी उद्भवले नव्हते. शास्त्र गप्प होतं आणि स्कूटरवाले खोळंबले होते.

एक कुटुंब मुलगी पाहायला निघालं होतं. त्यांच्या गाडीसमोर तलाठ्याने बैठक मारली. काच खाली झाली.

"भाऊ, एक तं न्या, नाही तं मांगं घ्या. असं लोंबकळत ठेवू नका. पोराचं आधीच तिसावं चालू हाये."

मी तलाठ्याला उचलून घेतलं. त्याने माझ्या सदऱ्यावर त्याची हरकत नोंदवली.

हळूहळू लोकांच्या ध्यानात आलं की आपल्या गावात अपशकुनाला पहिल्यांदाच मालक मिळाला आहे. त्याला फोन करता येतो, वेळ ठरवता येते. रजिस्ट्रीला निघालेले, मुलाखतीला निघालेले, नवी गाडी आणायला खामगावला निघालेले लोक सकाळी दारातून विचारू लागले, "सर, तुमचं निघायचं कवा? मंग आमी आधी निघतो." रेल्वेचं वेळापत्रक आमच्या शहराने कधी पाळलं नाही, कारण आमच्या शहरात रेल्वेच नाही, पण बोक्याचं पाळू लागलं.

नगरपालिकेच्या निवडणुकीत तर कहर झाला. एक उमेदवार रात्री घरी आले. चहा झाला, हवापाण्याचं झालं, येळगाव धरणात पाणी किती आहे हे झालं. मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "सर, उद्या साडेदहाले समोरची पार्टी फॉर्म भराले निंघते. तुमी फिराले निंघताच. तं जरा तिकूनच..."

"अहो, हे बरोबर दिसत नाही."

"तुमी काई करू नका. मांजर करते."

वकील शेजाऱ्याला विचारलं. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, पण मांजर आडवं नेणं त्याच्या यादीत बसत नाही, असं त्याने सांगितलं. सौभाग्यवतीने आतून फक्त एवढंच विचारलं, "दूध गाईचं देणार की म्हशीचं?" मी नकार दिला. परंतु तलाठ्याला नकार-होकार कळत नाही. दुसऱ्या दिवशी दोरी हिसकून तो नेमका त्याच प्रतिस्पर्ध्याच्या दारात गेला, आडवा जाण्याऐवजी थेट आत शिरला आणि प्रचार कार्यालयातल्या मुख्य खुर्चीवर झोपला. मांजर दिवसाचे बारा ते सोळा तास झोपतं. त्याने त्यातले बरेचसे तिथेच काढले. कार्यकर्त्यांनी उठवायची हिंमत केली नाही. ते उमेदवार निवडून आले. आता तलाठ्याला त्या दारात रोज साय मिळते, आणि पडलेले उमेदवार मी दिसलो की रस्ता बदलतात. अपशकुन उलटतो तेव्हा तो दोरी धरणाऱ्याच्या अंगावर येतो, हे शास्त्रात घालायला हरकत नाही.

या सगळ्या काळात माझी बाजू घेतली ती एकट्या किराणावाल्याने. तो म्हणाला, "सर, हसतात त्यांले हसू द्या. आपल्या जिल्ह्यात पट्टा घातलेलं मांजर तुमच्या आधी येऊन गेलं. तवा हेच लोक पेपर कापून ठेवत होते."

खरंच की! यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला तो वाघ. टी-वन वाघिणीचा बछडा, कागदोपत्री नाव टीवन-सीवन. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला रेडिओ कॉलर घातली आणि जूनमध्ये स्वारी निघाली. महाराष्ट्र आणि तेलंगणाची शेतं, कालवे, महामार्ग ओलांडत, १३०० किलोमीटर चालून, डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल. पुढेही चालणं सुरूच. एकूण हिशेब ३००० किलोमीटरच्या वर गेला. लोकांनी त्याचं नाव वॉकर ठेवलं. डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं नव्हतं, हे विशेष.

तो रात्री चालायचा आणि दिवसा दडून बसायचा. एवढा मोठा वाघ एवढी गावं ओलांडून आला, पण 'कुठी चालले?' विचारायला त्याला फारसं कोणी भेटलं नाही. माझा बोका फाटकाबाहेर आला की दहा जण भेटतात. वॉकरच्या ठावठिकाण्याच्या ५००० हून अधिक नोंदी उपग्रहाने टिपल्या. आमच्या तलाठ्याच्या नोंदी समोरच्या काकू ठेवतात, आणि कोणाच्या ओट्यावर किती वेळ बसला, कोणत्या पातेल्यात तोंड घातलं, हा तपशील कोणत्याही उपग्रहाला जमणार नाही.

ज्ञानगंगा २०५ चौरस किलोमीटरचं. तिथे बिबटे आहेत, अस्वलं आहेत, नीलगाई आहेत. वॉकरच्या पोटापाण्याची सोय झाली, पण वाघीण नव्हती. तेव्हा आमच्या जिल्ह्याने त्याच्याशी तेच केलं जे बाहेरगावाहून बदलून आलेल्या कोणत्याही होतकरू मुलाशी करतो: आधी स्वागत केलं आणि लगेच लग्नाचा विषय काढला. त्याच्यासाठी एखादी वाघीण आणावी का, यावर वनखात्यात खल झाला आणि चौकाचौकांत त्याहून जास्त झाला. बोलणी काही पुढे सरकली नाहीत. २०२० मध्ये त्याचा पट्टा काढला आणि मुलगा कोणाला न सांगता फिरायला मोकळा झाला.

मी किराणावाल्याची ही बाजू घरी येऊन मांडली. सौभाग्यवती म्हणाली, "त्या लोकांनी वाघाला पट्टा घातला. दोरी धरून मागे मागे नाही गेले."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं म्हणणं खोडता आलेलं नाही, तसं हेही आलं नाही.

दोरीचा शेवटचा कस लागला तो एका गावठी कुत्र्यामुळे. संगम तलावाच्या बाजूला त्याने तलाठ्याकडे नुसतं पाहिलं. संकटात मांजर सर्वांत जवळच्या उंच वस्तूवर चढतं. सर्वांत जवळची उंच वस्तू मी होतो. माझ्या मांडीवरून, पोटावरून, डोक्यावरून मार्गक्रमण करून तो कडुनिंबावर गेला आणि दोरी फांदीला गुंडाळून बसला. दोरीचं दुसरं टोक माझ्या मनगटात होतं. त्यामुळे झाडाला बांधलेला मी आणि मोकळा बोका, असं चित्र जमलेल्या लोकांना दिसलं.

"अग्निशमनले फोन लावा."

"आग कुठी हाये?"

"सरच्या डोक्यात."

एकाने शिडी सुचवली, एकाने बोंबील सुचवला, एकाने दोरी सोडून घरी जायला सुचवलं. तो डावीकडे उडी मारेल की उजवीकडे, यावर दोन तट पडले. जळगाव जामोदकडे भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते, दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला पावसापासून राजकारणापर्यंत सगळ्याचं भाकीत सांगतात. पण बोक्याच्या उडीचं कलम तिच्यात नाही, अशी खंतही कोणीतरी व्यक्त केली.

माझ्यातला मास्तर जागा झाला. मी खालून सांगू लागलो की घाबरण्याचं कारण नाही, १८९४ साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पडणाऱ्या मांजराची एकामागून एक छायाचित्रं काढून दाखवलं आहे. पाठीवर सोडलं तरी ते हवेतल्या हवेत वळतं आणि चारी पायांवर उतरतं. तेवढ्यात घरून साईची वाटी आली. चमचा वाजला. अंग चपटं करून तलाठी साजातून बाहेर सरकला. ते अधांतरी हाड, दुसरं काय! त्याने उडी मारली आणि मारेसाहेबांच्या शब्दाला जागून चारी पायांवर उतरला. त्याला झेलायला पुढे झालेला मी कोणत्या भागावर उतरलो, हे १८९४ साली कोणी तपासलेलं नसल्यामुळे शास्त्रात नोंद नाही. समोरच्या काकूंकडे आहे.

आता आमची पद्धत बसली आहे. मी दोरी ढिली धरतो. तो थांबला की मी थांबतो, तो बसला की मीही जवळच्या ओट्यावर बसतो. ओटेवाले चहा देतात. साखर घालू नका म्हटलं तरी घालतात. वजन उतरलेलं नाही, पण गल्लीत कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाची भिंत कुठे सरकली आणि कोणाचा फेरफार कुठे अडकला, ही माझी माहिती खऱ्या तलाठ्याच्या बरोबरीची झाली आहे.

वाचकांना दोनच विनंत्या. बुलढाण्यात शुभ कामाला निघाला असाल तर आमच्यासाठी थांबू नका, खुशाल पुढे निघून जा. आमचं आडवं जायचं की नाही, हे दुपारपर्यंत ठरत नाही. आणि सर्क्युलर रोडवर दोरी धरून उभा असलेला म्हातारा दिसला, तर 'कुठी चालले?' हे कृपा करून त्याला विचारू नका. दोरीच्या दुसऱ्या टोकाला विचारा. निर्णय तिकडे होतात. इकडे फक्त सही असते.